जागेवर जाऊन बघितलेलं

आमच्या ह्यांना एकच व्यसन आहे, नकाशाचं. त्यापेक्षा दारूचं असतं तर परवडलं असतं, असं मी पूर्वी शेजारणीला म्हणायचे आणि आम्ही दोघी हसायचो. हल्ली ज्या घरात मी कामाला जाते, तिथे पाऊल ठेवल्यापासून तो विनोद करायचं सोडून दिलं.

पाणीखात्यात ह्यांनी एकतीस वर्षं मीटर वाचले. दारोदार जायचं, फाटकाजवळचं लोखंडी झाकण उचलायचं, आकडा वहीत टिपायचा, झाकण लावायचं की पुढचं घर. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता माणूस जरा घरात टेकेल, चार शब्द बोलेल. कसलं काय! पायाला भिंगरी. रोज सकाळी डोक्यावर टोपी, खिशात वही, हातात मोजपट्टी, आणि स्वारी बाहेर. कुठे? तर नकाशा भरायला.

हा नकाशा कुठल्या कंपनीचा नाही. ह्यांच्यासारखेच भिंगरीवाले लोक जगभर आहेत म्हणे, ते सगळे मिळून तो बनवतात. ज्याला जे दिसेल ते त्याने भरायचं. बाक, नळ, पायऱ्या, कुठलं फाटक उघडतं आणि कुठलं कायम बंद. कुणीही बघावा, कुणीही बदलावा. मी म्हणायचे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

पण त्या नकाशावर चालणारं अ‍ॅप मात्र कामाचं निघालं. फुकट. नकाशा एकदा फोनमध्ये उतरवून घेतला की नेट बंद ठेवलं तरी रस्ता दाखवतं, आणि आपण कुठून कुठे गेलो ते कुणालाही कळवत नाही. "बाकीची अ‍ॅपं चुगल्या करतात," हे म्हणायचे. "हे मुकं आहे. तुला रस्ता सांगेल, पण तुझं कुणाला काही सांगणार नाही. आणि आतलं सगळं उघडं ठेवलंय, ज्याला कळतं त्याने तपासून घ्यावं." मला कुठे कळतंय? मला गिअर बदलता येतो, तेवढं पुरे.

मी गाडी चालवते. घरी सांगितलंय की लाँड्रीची. ते अर्धं खरं आहे. पांढऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना लाँड्रीचं नाव रंगवलंय आणि मागे चादरींची बोचकी असतात. पण त्या सगळ्या चादरी एकाच घरच्या, आणि बोचक्यांच्या मधे कधीकधी एखादी बाई बसलेली असते. मांडीवर मूल, पायात दोन वेगवेगळ्या चपला, कारण निघताना हाताला लागल्या त्या अडकवलेल्या. नवऱ्याच्या मारातून सुटून पळालेल्या बायकांचं ते घर. पत्ता पोलिसांतल्या दोघांना ठाऊक आणि आम्हा सात जणींना, बस्स. कामावर घेताना मोठ्या बाईंनी, म्हणजे ते घर चालवतात त्यांनी, माझी सही घेतली होती की पत्ता कुणालाही सांगणार नाही.

"नवऱ्यालाही नाही?" मी विचारलं होतं.

"सगळ्यात आधी नवऱ्यालाच नाही," त्या म्हणाल्या होत्या.

सहा वर्षं झाली त्याला. सहा वर्षं मी संध्याकाळी घरी येऊन चादरींवरच्या डागांच्या गोष्टी रचून सांगते. दिवसभर गाडी हाकून येत नाही एवढा शीण त्या पंधरा मिनिटांनी येतो.

आमच्या त्या घरात एक शिवणवाली आहे. येताना तिने दोनच गोष्टी आणल्या, शिलाई मशीन आणि सहा वर्षांची पोर. पोर सदा बटणांच्या डब्यात हात घालून बसलेली, म्हणून तिला सगळ्या बटण म्हणतात. ह्या मायलेकी आधीच्या घरातही होत्या. ते घर सोडावं लागलं ते शिवणवालीच्या फोनमुळे. बिचारीने एकदा दवाखान्याचा रस्ता बघायला फोनमधलं नेहमीचं अ‍ॅप उघडलं. त्याने तिची ये-जा गुपचूप लिहून ठेवली, आणि पासवर्ड तिच्या नवऱ्याला पाठ होता. तिसऱ्या दिवशी गृहस्थ समोरच्या फुटपाथवर हजर. शिव्या नाहीत, दगड नाही, नुसता उभा राहून हसत होता. बटणने ते खिडकीतून बघितलं आणि त्यानंतर चार महिने ती पोर एक अक्षर बोलली नाही.

आम्ही सगळ्यांनी दोन दिवसांत गाशा गुंडाळला आणि चढावरच्या गल्लीतल्या ह्या घरात आलो. तेव्हा मीच मोठ्या बाईंना ते मुकं अ‍ॅप सुचवलं. मीच सगळ्यांच्या फोनवर बसवून दिलं. ह्यांना कळलं असतं तर छाती वीतभर फुगली असती. पण सांगता थोडंच येतं?

या घरात बटण हळूहळू बोलायला लागली. आधी बटणांशी, मग माझ्याशी. मला ती गाडीवाली आजी म्हणते. शाळेत तिच्या बाईंनी तिला मधल्या सुट्टीची घंटा वाजवायचं काम कबूल केलं होतं, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारपासून. जी पोर बोलत नव्हती ती सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी घंटा बडवणार, याचं आमच्या अख्ख्या घराला कोण अप्रूप!

आणि अशात त्या सोमवारी मी वाचनालयाच्या वायफायवर नकाशा ताजा करून घेतला, गाडीत बसले, सहज बघते तर आमच्या घरावर स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं, "महिला वसतिगृह".

अ‍ॅप मुकं ते मुकंच होतं हो. पण नकाशातच कुणी ओरडून ठेवलं तर ते बिचारं काय करणार? शिवणवालीचा नवरा अजून शोधत होता. पोलिसांनीच सांगितलं होतं, तो शहरातल्या एकेका वसतिगृहाच्या दारात जाऊन चौकशी करतो म्हणून.

कुणी लिहिलं ते शोधायला लांब जावं लागलं नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी हे आपणहून सांगायला लागले, अगदी मिटक्या मारत.

"अगं, त्या चढावरच्या गल्लीत एक घर आहे. खिडक्या बंद, दार बंद. म्हटलं, कुणी राहत नसेल. पण मीटरचं झाकण उचलून बघतो तर काटा असा गरगर फिरतोय! भर अकरा वाजता! आजूबाजूची घरं कामावर गेलेली, त्यांचे काटे ढिम्म. एवढं पाणी एका कुटुंबाला लागत नाही, वीस माणसं तरी पाहिजेत. मग मागच्या बाजूने जाऊन बघितलं. दोरीवर बायकांचे कपडे, पोरांचे कपडे, पुरुषाचा एक शर्ट म्हणून नाही. म्हणजे काय?"

"काय?" मी विचारलं.

"वसतिगृह! बायकांचं. इतक्या वर्षांत कुणी नकाशात घातलंच नव्हतं. एकदाची ती गल्ली पूर्ण झाली."

"लोकांची झाकणं उचलायची तुम्हाला काय गरज? निवृत्त झालात ना?"

"हात जातोच गं," हे म्हणाले आणि बशीत चहा ओतून घेतला.

मला त्यांच्या डोक्यात ती बशी घालावीशी वाटली, खरं सांगते. आणि त्याच वेळी कौतुकही वाटलं मेलं, की नुसत्या पाण्याच्या काट्यावरून माणसाने एवढं ओळखावं. सांगून मोकळं व्हावं तर सही केलेली. गप्प बसावं तर नाव तिथेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सांगितलं, पण अर्धंच. म्हटलं, कुणा रिकामटेकड्याने नकाशात नाव घातलंय, मी काढून टाकते. त्यानेच तसं लिहून ठेवलंय म्हणत मीटरचं आणि दोरीचंही सांगितलं. मोठ्या बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. त्यांना मी कधी घाबरलेलं बघितलं नाही, नुसतं दमलेलं बघते.

"पुरुषाचे कपडे कुठून आणायचे आता?" त्या म्हणाल्या.

"मी आणते."

ट्रंकेतून ह्यांचे दोन जुने शर्ट काढले आणि नेले. फाटकातून दिसतील अशी नवी दोरी बांधली, त्यावर ते टांगले. रोज सकाळी ओले करून वाळत घालायचे, संध्याकाळी काढायचे. घंटी वाजली की काय करायचं त्या यादीत मोठ्या बाईंनी एक वाढवलं, सगळे नळ बंद.

मग वाचनालयात जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर त्या नकाशात माझं खातं काढलं. नाव टाका, नाव टाका म्हणून ते माझ्या डोक्यावर बसलं, तेव्हा वैतागून "उगाच५५" असं टाकलं. पंचावन्न माझं वय. आणि ते वसतिगृह खोडलं. जिवात जीव आला.

तो तीन दिवस टिकला. हे चहा पिताना लालबुंद. "कुणीतरी उगाच पंचावन्न म्हणून उपटलाय! माझं वसतिगृह खोडलं! कारण नाही, काही नाही!" आणि परत घातलं. मी परत वाचनालयात जाऊन खोडलं. ह्यांनी तिथे लिहिलं, "कृपया कारण द्यावे." मी लिहिलं, "खाजगी मालमत्ता." ह्यांनी लिहिलं, "खाजगी घरेही नकाशात असतात, आपण नवीन दिसता." काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे शेजारच्या खुर्चीत बसून मला त्या उगाचला कसं नमवणार ते समजावून सांगायचे, आणि मी कांदा चिरत हूं हूं करायचे. एरवी मी पोट धरून हसले असते.

तिसऱ्यांदा खोडलं तेव्हा ह्यांनी सगळ्या नकाशावाल्यांच्या गप्पांच्या पानावर तक्रार टाकली. मी वाचनालयात ते पान उघडलं. कुठल्या कुठल्या शहरांतले लोक बोलत होते. कुणी ह्यांच्या बाजूने, कुणी म्हणे जाऊ द्या हो. आणि खाली एकाने लिहिलं होतं, "एखादी जागा कुणी इतक्या तळमळीने खोडत असेल, तर तिथे नक्की काहीतरी आहे."

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मला आपलं वाटलं होतं, खोडलं म्हणजे गेलं. इथे तर खोडल्याचीही तारीखवार यादी, सगळ्या जगाला उघडी. म्हणजे तीन वेळा मी माझ्या हाताने त्या घराकडे बोट दाखवलं होतं. झाकायला गेले आणि तेवढंच उघडं केलं.

घरी आले तर हे मोजपट्टी पुसत बसलेले. "वाद नको म्हटलं. सोमवारी स्वतः जातो, दारावर विचारतो, फाटक मोजतो. जागेवर जाऊन बघितलेलं खरं, हा आमच्यातला नियम. त्यापुढे कुणाचं चालत नाही."

मी काय काय नाही केलं! म्हटलं, नळ गळतोय. दुरुस्त केला. म्हटलं, माझी कंबर धरलीय. शेकायला पाणी तापवून दिलं. म्हटलं, सोमवारी माझी बहीण येणार. म्हणाले, बरं झालं, तुला सोबत, मी तासाभरात येतो. सरळ माणसाला अडवणं किती कठीण असतं! लबाड माणसाला निदान संशय तरी येतो.

सोमवारी मी चादरी आणि भाजी घेऊन त्या घरी पोचले, गाडी मागच्या अंगणात लावली. अकराला दहा कमी होते. मी चादरींची घडी घालत होते आणि घंटी वाजली.

घंटी वाजली की कसं होतं ते एकदा बघायला हवं. कुणी ओरडत नाही, पळत नाही. शिलाई मशीन मध्येच थांबतं. एक जण नळ बंद करत जाते. दुसरी पोरांना मागच्या खोलीत नेते. अकरा बायका आणि सात पोरं, आणि श्वासाचा आवाज नाही. बटणने आपला डबा पोटाशी धरला होता, हलला तर आतली बटणं वाजतील म्हणून. सहा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

दारामागे टीव्हीसारखा छोटा पडदा आहे, त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्यातलं दिसतं. मोठ्या बाई आणि मी त्यासमोर उभ्या राहिलो. टोपी. वही. मोजपट्टी.

"कोण आहे हा?" मोठ्या बाई कुजबुजल्या. "हाच का तो नकाशावाला?"

"असेल," मी म्हटलं.

ह्यांनी आधी झाकण उचलून मीटर बघितलं. काटा थांबलेला. ह्यांनी मान तिरकी करून परत बघितलं, झाकण नीट बसवलं, त्यावरची माती झाडली. मग फाटक मोजलं, वहीत लिहिलं. मग परत घंटी. आणि मग मान वर केली, दोरीकडे.

दोरीवर ह्यांचा निळ्या चौकडीचा शर्ट होता. एकदा पेन गळून त्याच्या खिशावर हा मोठा डाग पडला होता, तेव्हा मी त्यावर करड्या कापडाचा दुसरा खिसा शिवला होता. हा खिसा उलटा शिवलास म्हणून हे चार वर्षं मला चिडवत होते. आणायच्या घाईत माझ्या ते ध्यानातच आलं नाही. ट्रंक उघडली, वरचे दोन उचलले.

हे त्या शर्टाकडे बघत राहिले. मग बंद खिडक्यांकडे बघितलं, एकेक करून. मग दारावरच्या त्या काचेच्या बटणाएवढ्या डोळ्यात बघितलं, सरळ माझ्याकडेच. मला दिसत होते, त्यांना मी दिसत नव्हते. चेहरा असा उतरला की मला दार उघडून बाहेर जावंसं वाटलं.

ह्यांनी टोपी काढली आणि घंटीच्या खोक्याजवळ तोंड नेलं.

"माफ करा," हे म्हणाले. "पत्ता चुकलो."

एकतीस वर्षांत हा माणूस एकदाही पत्ता चुकलेला नाही. वळले आणि उतारावरून निघून गेले, मोजपट्टी तशीच हातात लोंबत.

"म्हातारा वाट चुकला होता," मोठ्या बाईंनी मागच्या खोलीत जाऊन सांगितलं. मशीन पुन्हा सुरू झालं.

त्या संध्याकाळी हे त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. चादरींचं काय झालं, असंही विचारलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मला गोष्ट रचावी लागली नाही. चहा घेतला, कप विसळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन बघितलं. वसतिगृह परत घातलेलं नव्हतं, पण तिथे भोकही नव्हतं. शेजारच्या घरांसारखंच एक साधं घर काढलं होतं, तसाच चौकोन, तसंच फाटक. गप्पांच्या पानावर ह्यांनी लिहिलं होतं, "जागेवर जाऊन बघितले. साधे घर आहे. चूक माझी. उगाच५५ यांची क्षमा मागतो." त्यापुढे कुणीच काही लिहिलं नव्हतं. मी तिथे, वाचनालयात, तोंडाला पदर लावून बसले. शेजारचा विद्यार्थी उठून पाणी घेऊन आला.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं आणि गप्प बसायचं. झालंच होतं की सगळं नीट! कुणाला काही कळलं नव्हतं. ह्यांच्या तोंडून शब्द फुटणार नाही याची मला माझ्या जिवापेक्षा जास्त खात्री. शुक्रवारी बटण घंटा वाजवणार होती.

पण गाडी चालवताना तेच डोक्यात. आता दहावा माणूस आहे, ज्याला पत्ता ठाऊक आहे. तो माझा नवरा आहे. आणि त्या घरातली प्रत्येक बाई एकेकाळी एका नवऱ्याची खात्री देत होती. माझी खात्री मी माझ्या जिवावर लावू शकते. त्यांच्या जिवावर कशी लावू?

बुधवारी सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. शिवणवाली तिथेच पडदे मोजत होती. तिला बाहेर पाठवावं असं वाटलं, मग वाटलं, हिलाच तर आधी कळायला हवं.

"तो म्हातारा वाट चुकला नव्हता," मी म्हटलं. "तो माझा नवरा आहे. नकाशात नाव त्यानेच घातलं. तेव्हाच मला ठाऊक होतं, मी सांगितलं नाही. आणि शर्ट बघून त्याने ओळखलं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ त्या नाकावरचे वळ चोळत राहिल्या.

"कुणाला सांगतील ते?"

"नाही."

"मग..." त्या म्हणाल्या. त्यांनाही राहायचं होतं. आणखी एक घर शोधायची ताकद त्यांच्या अंगात नव्हती, दिसत होतं मला. पण त्यांनी शिवणवालीकडे बघितलं. ठरवायचं असेल तर तिने.

शिवणवालीने टेप गळ्यात अडकवला. "मावशी, तुमचे यजमान चांगले आहेत?"

"आहेत गं."

"खोटं वाटत नाही मला. तुमच्या तोंडावरून कळतं." ती खाली बघून बोलत होती. "माझाही चांगला होता, मावशी. आठ वर्षं."

मोठ्या बाईंनी फोन उचलला.

"नियमाप्रमाणे मला काढायला हवं तुम्ही," मी म्हटलं.

"आणि गाडी कोण चालवेल, मी? आधी सामान पोचवा," त्या म्हणाल्या. "मग बघू तुमचं काय करायचं ते."

बुधवार आणि गुरुवार मिळून अकरा फेऱ्या झाल्या. नेट बंद, मुक्या अ‍ॅपवर नवा पत्ता. तो मी इथे सांगणार नाही. मशीन शेवटच्या फेरीत नेलं. बटण बोचक्यांवर बसली होती, डबा मांडीवर.

"परत?" तिने विचारलं.

"परत गं, बाळा."

"तिथल्या शाळेत घंटा आहे?"

"असेल की. घंटेशिवाय शाळा असते का?"

ती त्यानंतर काही बोलली नाही. पूर्ण रस्ता नाही, उतरतानाही नाही. मी आरशात बघत होते आणि मनातल्या मनात ह्यांना, मला, त्या नकाशाला, सगळ्यांना शिव्या घालत होते.

गुरुवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा ते दोन शर्ट माझ्या हातात होते. खुर्चीच्या पाठीवर टाकले आणि बसले. उठून दिवा लावायचंही त्राण नव्हतं. ह्यांनी लावला. शर्टाकडे बघितलं. मीटर बंद पडलेला ज्याला झाकणावरून कळतो, त्याला घर रिकामं झालेलं कळायला काय वेळ लागणार?

"माझ्यामुळे," हे म्हणाले.

नाही म्हणता आलं असतं. सहा वर्षं खोटंच बोलत होते, आणखी एक काय जड होतं? "हो," मी म्हटलं. "आणि माझ्यामुळे. आपल्या दोघांमुळे."

हे समोर बसले. वही टेबलावर होती, तिच्यावर हात ठेवला. "कुठे गेलात ते विचारत नाही. कधीच विचारणार नाही. फक्त एवढं सांग, कुठल्या बाजूला फिरायला जायचं नाही? तेवढी गल्ली सोडून देईन. मान वर करून बघणार नाही."

मी तोंड उघडलं. सांगायचंच होतं मला. आणि मग मी ह्यांच्याकडे बघतच राहिले, कारण ती एक गल्ली सांगणं म्हणजेच पत्ता सांगणं.

ह्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसे खांदे खाली आले. "हां," एवढंच म्हणाले. उठले. मोजपट्टी गुंडाळली, वही तिच्यावर ठेवली, दोन्ही कपाटाच्या खालच्या खणात सारली आणि खण बंद केला. टोपी खुंटीवर अडकवली.

"नाहीतरी अलीकडे गुडघे दुखतातच माझे," हे म्हणाले.

गुडघे माझे दुखतात. ह्यांचे आजवर एकदाही दुखलेले नाहीत. मी चहाला आधण ठेवायला उठले. सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं, टोपी खुंटीवरच होती, आणि हे खिडकीपाशी खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते.